झावळी टाकलेली विहीर

विहीर खारट झाली असं सांगायला फार अक्कल लागत नाही. करवंटी तोंडाला लावायची, तोंड वाकडं करायचं आणि बाजूला थुंकायचं. तेवाताने हे तीन वेळा केलं. पहिल्यांदा शेजारच्या बायकांसमोर, मग चुलतभाऊ बाउरोसमोर, आणि शेवटी थोरल्या जावेसमोर, किनाईसमोर. तिन्ही वेळा करवंटीत तिने आधीच समुद्राचं पाणी कालवून ठेवलं होतं. मग विहिरीवर नारळाची झावळी आडवी टाकली, मेलेल्या विहिरीवर टाकतात तशी. झालं. गाव म्हणालं, आणखी एक गेली, आणि डबे घेऊन दुसरीकडे वळलं.

विहीर मेली नव्हती. गावातलं सगळ्यात गोड पाणी तिच्यातच होतं.

पाऊस पडून नऊ महिने झाले होते. नीरफणसाची पानं करपून गळाली होती. खड्ड्यांतला अळू पिवळा पडून आडवा झाला होता. सकाळ-संध्याकाळ माडावर चढून गाणी म्हणत माडी काढणारे पुरुष आता मुक्याने चढायचे आणि मुक्याने उतरायचे, कारण बाटलीचा तळ झाकेल एवढीच माडी मिळायची आणि त्यावर कोण गाणार? राजधानीतून, तारावाहून, एकदा बोट आली. माणशी दोन बाटल्या पाणी वाटलं, कोरड्या टाकीशेजारी पोरांना उभं करून फोटो काढले आणि भरती उतरायच्या आत निघून गेली. बाटलीवरच्या कागदावर बर्फाचा डोंगर छापलेला होता. या बेटावरची सगळ्यात उंच जागा म्हणजे चर्चच्या टाकीचं झाकण.

आता कोणी म्हणेल, पाणी गोड होतं तर गावाला द्यायचं होतं. असं म्हणणारा बेटावर राहिलेला नसणार. बेट म्हणजे आतला समुद्र आणि बाहेरचा समुद्र यांच्यामधली वाळूची पट्टी. वाळूखाली खारं पाणी आणि त्यावर तरंगणारी गोड्या पाण्याची साय. सायच ती. हलक्या हाताने वरची वर काढली तर पुरते. साठ घरांचे साठ पोहरे धपाधप आत पडले तर आठवडाभरात समुद्र वर येतो आणि मग ती विहीर पुढची दोन-तीन वर्षं कोणाच्याच कामाची राहत नाही. तेवाताने लहानपणापासून हे चार विहिरींचं होताना पाहिलं होतं.

आणि नाही म्हणायची सोय नव्हती. नात्यातल्या माणसाने समोर मांडी घालून 'मी बुबुती करतो' म्हटलं, की तो मागेल ते द्यायचं. होडी मागो, अंगातला सदरा मागो, ताटातला मासा मागो. नाही म्हणणाऱ्याची लाज त्याच्या नातवंडांपर्यंत पुरते. गावात साठ घरं, आणि साठही नात्यातली. पण जे तुमच्याकडे नाहीच, ते कोण मागणार? एवढ्या साध्या विचारावर तेवाताने विहीर मारून टाकली.

तिचा नवरा मासेमारीला गेला तो परतलाच नव्हता, त्याला सहा वर्षं झाली. जावई परक्या देशाच्या बोटीवर होता. घरात ती, मुलगी रोसिआ आणि रोसिआची दोन महिन्यांची राओई. रोसिआला दूध कमी. अर्धं अंगावरचं आणि अर्धं डब्यातलं, पावडर कालवून. नर्सने बजावलं होतं, पाणी गोडं हवं आणि उकळलेलं हवं. खारट पाण्यात कालवलेलं दूध या वयात विष समज. तेवाताला एवढंच ऐकू आलं होतं. राओई जगली पाहिजे. बाकी गावाचं गाव बघेल.

किनाई डबा घेऊन आली होती तेव्हा तिच्या कमरेवर तिचा नातू होता, दोन वर्षांचा तेबाऊ. करवंटीतलं पाणी तिने तोंडात घेतलं. थुंकली नाही, गिळलं.

"चांगली होती गं तुझी विहीर," ती म्हणाली. "घरातलं माणूस गेल्यासारखं वाटतंय."

"काय करणार, जाऊबाई."

"काही नाही. तू तरी काय करणार."

आणि ती रिकामा डबा घेऊन आतल्या समुद्राकडच्या विहिरीवर गेली. तिथलं पाणी निमखारं आणि वर हिरवट तवंग. तेविसाव्या दिवशी तेबाऊ हगवणीने गेला. नर्सकडे मीठ-साखरेची पुडी होती, पण ती कालवायला पाणी त्याच विहिरीचं.

तेवाता चटई घेऊन गेली, तीन दिवस किनाईशेजारी बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. घरी आल्यावर रोसिआला म्हणाली, "गावात चार पोरं आजारी होती. तीन बरी झाली ना त्याच पाण्यावर?"

रोसिआने काही विचारलं नव्हतं.

पाणी काढायचं ते भरतीला. समुद्र खालून ढकलतो, साय वर येते, तेव्हा झावळी जराशी सरकवायची, पोटावर आडवं व्हायचं आणि दोरीला बांधलेली करवंटी पाण्यावर अलगद टेकवायची. पाच करवंट्या. मग झावळी जागेवर. तेवाताला हे जमत होतं, पण भरती काही तिच्या सोयीने येत नव्हती. रोज पाऊणएक तास पुढे सरकायची. भर दुपारची भरती चांगली, तेव्हा गाव सभाघराच्या सावलीत पडलेलं असायचं. पण मग ती तिसऱ्या प्रहरावर यायची, मग माडी काढायच्या वेळेवर. माडावर चढलेल्या पुरुषाला सगळ्या गावाची अंगणं दिसतात. त्या दिवसांत ती विहिरीशेजारी चुलीसाठी नारळाची सोडणं गोळा केल्याचं नाटक करायची, एका डोळ्याने माडाचे शेंडे बघायची आणि एकेक करवंटी लुगड्याच्या घोळात दडवून घरात न्यायची. तिला घाम फुटायचा, आणि मग वाटायचं, हा घाम बघूनच कोणीतरी विचारेल, बाई, तुझ्या अंगात एवढं पाणी कुठून?

बाउरो आला तेव्हा ती अंगणात मासे चिरत होती.

"ताई, आहेस का जिवंत?"

"नाही. माझं भूत माशाला मीठ लावतंय."

"मीठ कशाला वाया घालवतेस? तुझ्या विहिरीत बुडवून काढ, आपोआप लागेल."

ती हसली. हसावं लागलं. बाउरो पंचेचाळिशीचा, बोलण्यात चलाख. सभाघरात त्यांच्या कुळाच्या जागेवरून तोच बोलायचा. तो तिच्यासमोर बसला आणि त्याने मांडी घातली. मांडी बघून तिने सुरी थांबवली.

"बुबुती करायला आलोय," तो म्हणाला.

"काय हवंय?"

"तुझी विहीर."

तिच्या हातातला मासा सटकला. "मेलेल्या विहिरीचं काय करणार आहेस?"

"विहिरीचं काही नाही गं. तिच्या शेजारची जागा. डुकरं बांधायचीत. माझ्या कुंपणाला लागून तोआरिंगा म्हाताऱ्याची विहीर आहे ना, ती अजून निमखारी टिकून आहे. म्हातारा रोज बोंबलतोय, डुकरं लांब ने, घाण झिरपते. खरंय त्याचं. म्हटलं, जिथली विहीर गेलीच आहे, तिथे बांधली तर कोणाचं काय बिघडतंय?"

सगळ्या गावाच्या भल्याचं बोलत होता तो. त्यात एक शब्द चुकीचा नव्हता.

"घरात तान्हं बाळ आहे रे. वास येईल."

"वारा पूर्वेचा. मी पश्चिमेला बांधतो."

"माश्या होतील."

"तू मासे चिरतेयस, ताई. त्या काय चर्चमध्ये जाऊन बसल्यात?" मग त्याचा आवाज उतरला. "मी बुबुती केलीय. ऐकलंस ना?"

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. कारण एकच होतं.

"बांध," ती म्हणाली.

पाच डुकरं आली. झावळीपासून सहा हातांवर खुंट्या ठोकल्या. संध्याकाळपर्यंत जमीन ओली झाली. दहा महिन्यांत बेटावर ओली झालेली तेवढीच जमीन.

दुसऱ्या दिवशी बाउरो दोरीला बांधलेला मोठा पत्र्याचा डबा घेऊन आला. झावळी पायाने बाजूला सारली आणि डबा वरून सोडून दिला. धप्प.

"हळू!" तेवाता घरातून ओरडली.

"का? दुखेल तिला?"

त्याने डबा गदगदा हलवून भरला, वर ओढला आणि डुकरांच्या कुंडात ओतला. मग परत सोडला. तेवाता दारात उभी राहून मोजत होती. सहा डबे. सहाही वेळा खालचं वर आणि वरचं खाली.

डुकरं कुंडावर तुटून पडली.

"बघ तरी!" बाउरो म्हणाला. "म्हाताऱ्याच्या विहिरीच्या पाण्याला ही नाकं मुरडतात. आणि तुझं खारट पाणी असं ढोसतायत, जसं काही पाद्र्याच्या घरचं सरबत."

"तहानलेली असतील."

"हां," तो म्हणाला. "असतील."

तो कुंडाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. डब्याच्या तळाला थोडं पाणी उरलं होतं. त्याने बोट बुडवलं. एका डुकराने मुसंडी मारली, डबा कलंडला, बाउरोने शिवी हासडली आणि ओलं बोट ढुंगणाला पुसलं.

"संध्याकाळी परत येतो," म्हणाला.

रोज दोनदा आला. रोज बारा डबे. तिसऱ्या दिवशी भरतीला तेवाताने करवंटी टेकवली, एक घोट जिभेवर घेतला आणि तशीच पडून राहिली. जिभेच्या कडांना लागत होतं. थोडंसंच. मनाची समजूत घालता येईल इतकंच. तिने घातली. पाचव्या दिवशी नाटक करायची गरज उरली नाही. तोंड आपोआप वाकडं झालं. जे तिने गावाला सांगितलं होतं, ते आता विहीर शिकत होती.

घरात आली तर रोसिआ राओईला मांडीवर आडवी घेऊन बसली होती.

"सकाळपासून चार वेळा झाली, आई."

"कशी?"

"पाण्यासारखी."

नर्सने तेबाऊच्या वेळी हाच शब्द वापरला होता. तेवाताने बाळाच्या टाळूवर हात ठेवला. टाळू आत गेलेली होती, हलक्या हाताने दाबल्यासारखी. तिने अंगावरचं पातळसुद्धा नीट केलं नाही, तशीच सभाघराकडे निघाली.

सभा भरली होती. तारावाला रेडिओवरून पुन्हा काय कळवायचं यावर दुपारपासून खल चालला होता. म्हणजे तेच कळवायचं होतं, जे याआधी चार वेळा कळवलं होतं. म्हातारे आपापल्या कुळाच्या खांबाला टेकून बसले होते, बायका मागे. समोरच्या रांगेमागे किनाई चटई विणत होती. तेवाता बाउरोच्या पाठीशी जाऊन बसली आणि त्याच्या कानाशी वाकली.

"डुकरं हलव."

"सभा चालू आहे."

"आत्ता हलव, बाउरो."

"का? सुटली काय?"

"बाउरोच्या जागेवरून कसली कुजबुज?" तोआरिंगा म्हणाला. ऐंशीच्या पुढचा होता, पण कान शाबूत होते. "बोलायचं असेल तर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला."

बाउरो तोंड उघडणार, तेवढ्यात तेवाता उठून उभी राहिली. कुळाच्या जागेवरून बोलायचा मान त्याचा होता. त्याच्या डोक्यावरून तिने बोलावं, ही लाज वेगळीच.

"माझी विहीर गोड आहे," ती म्हणाली.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "कधीपासून? डुकरं मुतल्यापासून?"

सगळं सभाघर हसलं. दहा महिन्यांत एवढं कोणी हसलं नव्हतं. तेवाता उभीच राहिली. तिचा चेहरा बघून एकेक जण थांबत गेला.

"कधीपासून?" तोआरिंगाने विचारलं. त्याच्या तोंडी तो प्रश्न विनोदाचा राहिला नाही.

ती म्हणू शकत होती, या आठवड्यापासून. म्हणू शकत होती, परवाच्या मोठ्या भरतीपासून. विहिरी कधी कधी सुधारतात, म्हाताऱ्यांनी मान हलवली असती. समोर किनाईची बोटं केवड्याच्या पानावर थबकली होती. तेवाताने तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलंच.

"खारट कधी झालीच नव्हती," ती म्हणाली. "आता होतेय. डबा बंद करा. डुकरं न्या. राओई आजारी आहे."

बाउरो उठला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. "तुझ्यासमोर बसून बुबुती केली मी! हो म्हणालीस! पाच दिवस मला तुझ्याच पाण्यात मुतायला लावलंस, ताई?"

"बोलले असते तर पाणी मागितलं असतंस."

"मागितलंच असतं! सासू पडून आहे माझी, ओठ फुटलेत तिचे! मागितलं नसतं होय?"

"मग साठ घरांनी मागितलं असतं. मग कोणालाच उरलं नसतं."

"हे तू एकटीने ठरवलंस," तोआरिंगा म्हणाला. ओरडला नाही. "आम्हाला विचारलं असतंस तर आम्हीही कदाचित हेच ठरवलं असतं. घराला एक करवंटी, भरतीला. आजारी पोरं आधी. एवढी अक्कल या सभाघरात आहे अजून." मग तो बाउरोकडे वळला. "डुकरं परत माझ्या कुंपणाशी आण. माझी विहीर गेली तर जाऊ दे."

सगळे तिच्या अंगणात आले. डुकरं निघाली, घाणीची वाळू खरवडून समुद्रात टाकली. किनाई सगळ्यांच्या मागून आली. बायकांनी तिला वाट दिली. तिने झावळी उचलून बाजूला ठेवली, पोटावर झोपली, करवंटी अलगद टेकवली आणि प्यायली.

"जराशी खारटलीय," ती म्हणाली. "तेव्हा गोड होती?"

"होती."

"तेबाऊ माझ्या कमरेवर होता."

"होता, जाऊबाई."

किनाई उठली नाही. वळली, तिथेच वाळूत मांडी घातली आणि तेवाताकडे वर बघितलं.

"मी बुबुती करते," ती म्हणाली. "राओई मला दे. नात म्हणून."

कोणाला नवल वाटलं नाही. नातवंड मागून नेणं ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती. तेवाता स्वतः आत्याच्या घरी वाढली होती, आणि मागणाऱ्याने मान दिला असंच समजायचं असतं. दारात रोसिआ बाळाला घेऊन उभी होती. तिने आईकडे बघितलं. आईने तिच्याकडे बघायचं टाळलं.

"अंगावर पिते ती अजून," तेवाता म्हणाली.

"मला घाई नाही. बरी कर तिला. तुझ्या विहिरीचं पाणी माझ्या घरात यायचं नाही, कधीच. माझ्या टाकीत पाऊस पडेल, टाकी भरेल, त्या दिवशी न्यायला येईन."

साठ घरं ऐकत होती.

"हो," तेवाता म्हणाली.

विहिरीला चार दिवस विसावा दिला. राओईला शहाळ्याचं पाणी पाजायचं ठरलं. शहाळी कुठे होती? बाउरोने तीन माड पालथे घातले, सहा शहाळी आणली, पायरीवर ठेवली आणि गेला. तिसऱ्या दिवशी बाळाची टाळू भरून आली. चौथ्या दिवशी ते आवाज काढून रडलं, आणि रोसिआही रडली, त्याच्याहून मोठ्याने.

मग भरतीला रांग लागू लागली. घराला एक करवंटी. आजारी पोरं आणि पडून असलेली म्हातारी माणसं आधी. पाणी हळूहळू निवळत गेलं आणि पुरलं. पुरलं, ही गोष्ट तेवाताला सगळ्यात जास्त टोचली. किनाईच्या घरची करवंटी मात्र कोणी न्यायला आलं नाही. आणि रांगेतल्या कोणी तेवाताकडे काही मागितलं नाही. सुई नाही, काडेपेटी नाही, चिमूटभर तंबाखू नाही. लोक येत, पाणी घेत, मान खाली घालून जात.

रविवारी पाद्री पावसासाठी हात जोडायला सांगायचा. सगळं गाव डोळे मिटून पुटपुटायचं. तेवाताही ओठ हलवायची. आवाज काढायची नाही.

सात आठवड्यांनी वारा फिरला. पूर्वेचा पडला आणि दुपारनंतर पश्चिमेकडून गार झुळूक आली. त्या बाजूला समुद्रावर काळं काहीतरी जमलं होतं, अजून तळहाताएवढं. पोरं ओरडत किनाऱ्याकडे धावली. घराघरांतून पन्हळी झाडल्याचा, डबे मांडल्याचा आवाज येऊ लागला. गावाच्या पार टोकाला किनाई तिच्या टाकीवर चढलेली दिसत होती. फडक्याने झाकण पुसत होती, सावकाश, आतून आणि बाहेरून.

"आई," रोसिआ म्हणाली, "आपली पन्हळ साफ करू?"

तेवाताने राओईला उचलून छातीशी धरलं, घराच्या पश्चिमेच्या बाजूला गेली आणि गुंडाळून ठेवलेला झावळ्यांचा पडदा एका हाताने सोडून जमिनीपर्यंत खाली आणला.